औषधाची गरज आणि व्यसन

कर्करोग हाडांपर्यंत पोहोचलेल्या एका वृद्ध श्राविकेला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले, तेव्हा त्यांनी ते घेण्यास साफ नकार दिला. सप्तव्यसनांचा त्याग त्यांनी तरुणपणीच केला होता. आता अफूपासून काढलेले औषध घेऊन तो नियम मोडणे त्यांना मान्य नव्हते. घरच्यांनाही भय वाटत होते. ते मात्र व्रतभंगापेक्षा लोकापवादाचे अधिक होते.

या भयात दोन भिन्न गोष्टींची गल्लत असते. मॉर्फिन काही आठवडे नियमित घेतले की शरीर त्याला सरावते. ते एकाएकी थांबवल्यास घाम सुटतो, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, झोप उडते. हे शारीरिक अवलंबन होय. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइडही असे अचानक सोडता येत नाही, म्हणून त्या रुग्णाला कोणी व्यसनी म्हणत नाही. मात्रा हळूहळू उतरवली की हा त्रास टळतो. व्यसनात वेदना असो वा नसो, मन औषधाकडेच धावते आणि नुकसान दिसत असूनही आवर घालता येत नाही. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा हेच सांगितले आहे. त्या कसोटीवर हे अंतर सहज उमगावे.

धोका मुळीच नाही, असे मात्र नव्हे. अमेरिकेत अशा औषधांच्या सैल वापराने असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. आपल्याकडे दुसरे टोक गाठले गेले: 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन खऱ्या रुग्णांनाही दुर्मीळ झाले. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली.

स्वाध्यायाला येणाऱ्या एका पंडितांनी त्या श्राविकेला एवढेच विचारले, ‘‘अक्का, रात्रभर वेदनेचेच चिंतन चालते ना? मग ते कोणते ध्यान?’’ आर्तध्यानाचे भेद त्यांना मुखोद्गत होते. त्या काही बोलल्या नाहीत. मग खरी अडचण बाहेर आली, ती रात्रिभोजनत्यागाची. साधी गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते. डॉक्टरांनी मात्रा ठरवून बारा तास टिकणारी गोळी दिली. एक सूर्योदयानंतर, एक सूर्यास्तापूर्वी. सोबत बद्धकोष्ठासाठी रेचक. (ते घ्यायला पुष्कळ घरे विसरतात आणि दोष मॉर्फिनला देतात.) काही दिवसांत त्या पुन्हा सामायिकाला स्थिर बसू लागल्या.

पुढे किरणोपचाराने हाडांची वेदना ओसरली. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करीत तीन आठवड्यांत औषध बंद झाले. उरलेल्या गोळ्या त्यांनी स्वतः मोजल्या आणि मुलाकरवी रुग्णालयात परत पाठवल्या.