चित्रात म्हैस नाही

आमचे वडीगोद्री बहुतेकांनी पाहिले आहे ते एसटीच्या खिडकीतून. धुळे-सोलापूर रस्त्यावर गाडी घटकाभर थांबते, कोणी चहा घेतो, कोणी पाय मोकळे करतो, आणि थोड्याच वेळात शहागडची गोदावरी आली की आमचे गाव विसरले जाते. त्याबद्दल तक्रार नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, ऊस, मोसंबी, कापूस आणि जवळच अंकुशनगरचा समर्थ साखर कारखाना, एवढ्यात आमचे सारे जग मावते. अशा गावात पुस्तकांचे दुकान कशाला असेल? म्हणूनच गेल्या दसऱ्याला माझा मुलगा पुण्याहून आपल्या पाच वर्षांच्या लेकीसाठी एक चित्रांचे पुस्तक घेऊन आला, तेव्हा घरात नवी साडी आल्याइतकीच गर्दी जमली.

पुस्तक एका मुलीच्या घराचे होते. पानभर चित्र आणि खाली एखादी ओळ. स्वयंपाकघर, त्यात ओट्याशी उभी असलेली आई, गॅलरीतल्या कुंड्या, खुर्चीत पेपर वाचणारे आजोबा, दारातली मांजर. नातीने ते मांडीवर घेतले, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत उलटले, पुन्हा उलटले आणि मग काळजीच्या स्वरात मला विचारले, "आबा, ह्यांची म्हस कुठंय?"

मी म्हणालो, "ते शहरात राहतात. त्यांच्याकडे म्हैस नसते."

"मग दूध?"

"पिशवीतून येते."

हे उत्तर तिला काही पटले नाही. इतकी शहाणी दिसणारी माणसे म्हैस कुठे बांधायची हे विसरली असतील, असे तिने ठरवले असावे. तिने खडूची पेटी आणली आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक काळा, चार पायांचा, शिंगे असलेला डोंगर काढला. आमच्या घरातले शिक्षण सुरू झाले ते या डोंगरापासून.

माझ्या आयुष्यात अक्षरांशी माझा संबंध निराळ्या वाटेने आला होता. माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. शाळेत उर्दू, सावकाराच्या चोपडीसाठी मोडी आणि आजीला पोथी वाचून दाखवण्यासाठी बाळबोध, अशा तीन लिप्या एकाच माणसाच्या हातात होत्या. 1948 साली संस्थान भारतात आले, 1956 साली मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला, पण वडील हिशेबाची बेरीज अखेरपर्यंत उर्दूतच पुटपुटत. मला त्यांनी जमिनीवर धूळ पसरून 'ग म भ न' गिरवायला लावले. क-ख-ग च्या आधी ग-म-भ-न का, असे मी कधी विचारले नाही. पुढे ध्यानात आले की या अक्षरांची वळणे सोपी आहेत. एक आले की दुसरे त्याच्यातून निघते. जुन्या पंतोजींना छड्या जशा कळत होत्या तशी वळणेही कळत होती.

नोकरी मी केली ती गावोगावच्या सोसायट्यांच्या सचिवाची. कर्जाचे कागद, खताचे कागद, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी 'नि. डा. अं.', म्हणजे निशाणी डावा अंगठा. किती अंगठे मी शाईच्या पॅडवर टेकवून घेतले, याची गणती नाही. नांगराने, खुरप्याने झिजलेले अंगठे. कित्येकांच्या रेषाच उमटत नसत, मग पुन्हा घ्यावे लागत. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदाराने एका कंत्राटदाराच्या पंज्याचा ठसा करारावर घेतला, तिथून सरकारदरबारी या प्रकाराचे बस्तान बसू लागले, असे मी कुठेसे वाचले होते. साहेबाला तो पुरावा म्हणून हवा होता. आमच्याकडे मात्र अंगठा पुढे करताना माणूस मान खाली घाली.

असो. सांगत होतो नातीची गोष्ट.

माझी सून सातवीपर्यंत शिकलेली. "मामा, मला काय शिकवता येणार? तुम्हीच शिकवा," असे ती पहिल्या दिवशी म्हणाली. पण मी चष्मा लावून 'अ अननसाचा' म्हणायला बसलो की नात उठून गोठ्यात जाई, कारण अननस तिने पाहिलेला नव्हता. सुनेने यातले काही केले नाही. भाकरी थापता थापता तिने पुस्तक समोर उघडे ठेवले आणि चित्रातल्या एकेका वस्तूला घरातली जोडी शोधायला लावली. चित्रात तवा आहे, आपला कुठे? चित्रात आजोबा आहेत, आपले कुठे? (मला खुर्चीवरून उठून चित्राशेजारी उभे राहावे लागले, आणि आमचे आजोबा जास्त काळे आहेत असा निकाल लागला.) ज्याला जोडी मिळाली नाही त्याची निराळी यादी झाली: गॅलरी, फ्लॅटचे दार, पायपुसणे. आणि ज्या घरच्या वस्तूला चित्रात जोडी नाही तिची त्याहून मोठी: उखळ, कणगी, दावे, खुराडे आणि म्हैस.

ही दुसरी यादी नातीला लिहून हवी होती. तिथे मी उपयोगी पडलो. सोसायटीचे जुने, एका बाजूने कोरे फॉर्म माझ्या ट्रंकेत होते. सुनेने ते दुमडून दाभणाने शिवले आणि वही केली. नात चित्र काढी, मी तिच्या सांगण्याप्रमाणे खाली लिही. आता पहिलाच शब्द कोणता? म्हैस! शाळेत कमळ, गवत, नयन असे बिनकाना-मात्रेचे शब्द आधी शिकवतात, त्यात व्यवहार आहे. बारा स्वर आणि छत्तीस व्यंजने धरली तरी बाराखडीची 432 रूपे होतात. आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडी झाली आहे ती वेगळीच. अशा रानात मुलाला एकदम सोडायचे नसते. आणि आमच्या पोरीला सुरुवातीलाच हवा होता 'म्है', म्हणजे अर्धा म, त्याला ह, वर दोन मात्रा!

शिवाय दुसरी एक अडचण होती. ती 'म्हस' म्हणते. तिची आई म्हणते, ही म्हणते, सारा गाव म्हणतो. मी 'म्हैस' लिहिले आणि बोट ठेवून वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "आबा, असं नाही. म्हस." मी क्षणभर थांबलो, आणि 'म्हस' लिहिले.

शुद्धलेखनाचे कैवारी वाचक रागावतील. त्यांना मी एक दाखला देतो. मॅक्सीन बर्नसन या बाई अमेरिकेतून येऊन मराठी शिकल्या. फलटणमधल्या निरनिराळ्या थरांतल्या लोकांची बोली कशी वेगवेगळी आहे, यावर त्यांनी प्रबंध लिहिला, मग फलटणलाच राहिल्या आणि प्रगत शिक्षण संस्था काढली. परमुलखातून आलेल्या बाईला आमच्या बोलीचा अभ्यास करावासा वाटला; आम्ही घरच्या माणसांनी निदान ती कागदावर उमटू द्यायला काय हरकत आहे? मुलाला पहिल्यांदा हे कळायला हवे की आपण तोंडाने जे बोलतो तेच या काळ्या रेघांत बसते. ते कळल्यावर दोन मात्रा कुठे पळून जात नाहीत. कोमेनियस नावाच्या पंडिताने 1658 साली युरोपात मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले, त्यात पहिल्या अक्षरापाशी त्याने कावळाच बसवला आहे, आणि अक्षराचा आवाज त्या कावळ्याच्या तोंडून काढवला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या शहाण्या माणसाला कावळ्याची बोली चालली.

दिवाळी झाली, कारखान्याचे धुराडे पेटले, आणि बीडकडच्या टोळ्या आल्या. कालव्याच्या अंगाला कोप्या उभ्या राहिल्या. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात हे इकडे सर्वांना ठाऊक आहे. पहाटेच्या अंधारात हे कोयते फडात जातात आणि संध्याकाळी बाया उसाच्या वाढ्यांचे भारे विकायला गावात येतात. आमच्या म्हशीसाठी वाढे घेऊन एक बाई रोज येऊ लागली. तिच्या पदराला धरून नातीच्याच वयाची एक पोर.

पोर पहिले दोन दिवस ओट्याखालीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी नातीने वही नेऊन तिच्यापुढे धरली आणि डोंगरावर बोट ठेवले. ती पोर म्हणाली, "म्हस." नात विजयी मुद्रेने माझ्याकडे वळली. लिहिलेले बरोबर आहे, याला आता बीड जिल्ह्याचीही साक्ष मिळाली होती.

तेव्हापासून संध्याकाळी दोघी. चिंचोके मांडून शब्दांचे तुकडे पाडायचे: वासरूला तीन चिंचोके, कोपीला दोन, म्हशीला एवढी मोठी असून दोनच, याचे दोघींना मोठे आश्चर्य. सडा टाकलेल्या अंगणात रांगोळीच्या ठिपक्यांवरून अक्षर फिरवायचे. सुनेने साखरेच्या, चहाच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. एकदा दोघींनी त्या अदलाबदल केल्या आणि मी मिठाचा चहा प्यालो. ही पण यात ओढली गेली. जात्यावरच्या ओव्या तिला पाठ, त्या ती म्हणे आणि पोरी शेवटचा शब्द पुरा करीत.

मग एके दिवशी नातीला माझा शाईचा पॅड सापडला. अंगठा टेकवायचा, कागदावर उठवायचा आणि त्याला पेनने चोच, पाय, शेपूट. मुंगी, चिमणी, पिलू. दोन्ही पोरींनी माझ्या सोसायटीच्या फॉर्मवर पाखरांचा थवाच बसवला. बाई भारा टाकून पाहत उभी होती. "अगं बया, अंगठ्याचं पाखरू व्हतं व्हय!" ती हसली, आणि मग हसू आवरून आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेताना तोच अंगठा तिने कागदावर दिला होता. त्या कागदात काय लिहिले होते हे तिला सांगता येत नव्हते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आबा, हिचं नाव काढून दावा."

मी पोरीचे नाव मोठ्या अक्षरात लिहिले. तिने ते मातीत बोटाने गिरवले. दुसऱ्या दिवशी आली ती ते न बघता गिरवायलाच. मग तिचे स्वतःचे नाव झाले, नवऱ्याचे झाले, आकडे झाले. आकडे तिला तोंडी येतच होते, नोटा ओळखता येत होत्या. फक्त कागदावरच्या मराठी आकड्यांची ओळख नव्हती. अंगावर थकवा असे. कधी पाच मिनिटे बसे, कधी बसतच नसे. पौषात तिने मला विचारले, "खाडा कसा लिवत्यात?" न भरलेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि त्याचे पैसे हिशेबात कापतात. हा शब्द कुठल्याच चित्रपुस्तकात नसतो. मी लिहून दिला: ख ला काना, ड ला काना.

या बाबतीत माझे मत सांगून टाकतो. बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा गरिबांची मुले शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत, आमच्याकडेही आहे, आणि तिथल्या ताई कष्टाळू आहेत. साखरशाळाही मधल्या काळात निघाल्या होत्या. पण चार महिने इथे आणि आठ महिने तिथे अशा पोराचे अंगण कोणते, हा प्रश्न अजून कोणी नीट सोडवलेला मला दिसला नाही. पोर कुठेही गेली तरी तिची आई तिच्याबरोबर असते, एवढे मात्र मी ओट्यावर बसून पाहिले.

फाल्गुनात कारखाना बंद झाला. कोप्या मोडल्या. हिशेब झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई शेवटचा भारा घेऊन आली आणि त्याचे पैसे घेईना. मुकादमाच्या वहीत तिने स्वतःच्या नावापुढे बोट ठेवून खाडे विचारले होते. त्याने सात लिहिले होते. ते म्हणत होते चार. बराच वेळ वाद झाला, बाकीचे कोयते भोवती जमले, आणि शेवटी मुकादमाने पाच केले. "येक त्याचा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

निघताना नातीने शिवलेल्या वहीचा दोरा उसवला आणि पाने वाटली. म्हशीचे पान कोणाचे यावर रडारड झाली, तेव्हा सुनेने दुसरी म्हैस काढून दिली. ती पोर पहिली घेऊन गेली.

नात यंदा पहिलीत आहे. शाळेच्या वहीत ती दोन मात्रा देऊन 'म्हैस' लिहिते. गोठ्याच्या दारावर खडूने लिहिलेले 'म्हस' तिने पुसू दिलेले नाही. टोळी याच गावाला येईल की दुसऱ्या कारखान्यावर जाईल, ते मुकादमाच्या मर्जीवर. तरी दसऱ्याला सुनेकडून तिने नवी वही शिवून घेतली आहे, आणि पहिल्या पानावर दोघींची नावे घातली आहेत.