पहिला नंबर

सगळ्यात आधी जखमीला बाहेर काढणाऱ्या तुकडीला ट्रॉफी मिळाली. तो जखमी मीच होतो, आणि शिकवलेल्या हिशेबाने मी स्ट्रेचरवर मेलेला होतो. ते आठवलं की आजही डोकं फिरतं.

आपदा मित्रांचं, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण होतं, शेवटच्या दिवशी मॉक ड्रिल. महाडची कोसळलेली इमारत आणि इर्शाळवाडीवरची दरड पाहिलेल्या रायगडात याची गरज कुणाला सांगावी लागत नाही. माझ्या गळ्यात चिठ्ठी होती: दोन्ही मांड्या स्लॅबखाली, पाच तास. सगळं त्या 'पाच तास'मध्ये होतं. प्रशिक्षकांनी ते घसा कोरडा करून सांगितलं होतं. दबलेल्या स्नायूंतलं रक्त फिरायचं थांबतं, पेशी मरतात. वरचं वजन उचललं की त्यांतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि आतापर्यंत बोलत असलेल्या माणसाचं हृदय थांबू शकतं. त्यातून वाचला तरी त्याच पेशींतून सुटलेलं मायोग्लोबिन मूत्रपिंडं निकामी करू शकतं. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं नंतर दवाखान्यात अशीच गेली. बायवॉटर्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये ते लिहून ठेवलं. म्हणून आधी सलाईन, मग स्लॅब.

पहिल्या तुकडीने चिठ्ठी वाचलीच नाही. जॅक लावला, मला ओढलं, पळत नेलं. टाळ्या! दुसऱ्या तुकडीतल्या मुलीने आधी विचारलं, "दादा, कधीपासून अडकलाय?" वेळ लिहून घेतली, डॉक्टरांना बोलावलं, सलाईन लावल्याचं दाखवलं, मग थोडं उचल, ठोकळा सरकव, पुन्हा थोडं उचल. तिकडे मंडपात पाहुणे साहेब घड्याळ बघत होते. "फारच वेळ लावला," म्हणाले. नंतर गुणपत्रिका पाहिली. वेळ, हेल्मेट, शिस्त, समन्वय, सगळ्याला रकाने होते. माणूस जगला का, याला नव्हता. प्रशिक्षक एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनाही नोकरी आहे, मान्य. पण त्या मुलीला निदान बाजूला घेऊन शाबासकी द्यायची होती.

आणि तरी खरं सांगतो, स्लॅबखाली पडलेलो असताना मला तिचाच राग येत होता. पाय पोकळीत मोकळे होते, दुखत काहीच नव्हतं, तरी "ओढा ना एकदाचं" असं तोंडून निघालं. खऱ्या ढिगाऱ्याभोवती नातेवाईक असतील, ते तर आमची गचांडीच धरतील.

१०८ ला फोन करताना माणूस किती वेळ दबलाय ते आधी सांगा. त्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. सलाईन त्याने लावायचं, आम्ही नाही, हा नियम मला प्रशिक्षणात पटला होता. पण महाडला चार वर्षांचा मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला, तिथे दारापर्यंत रस्ता होता. इर्शाळवाडीला पायवाट होती. तिथे डॉक्टर चढून येईपर्यंत आम्ही स्लॅबला हात लावायचा की नाही, हे मी दोनदा विचारलं. "वरिष्ठांना कळवा," एवढंच उत्तर मिळालं.