रेनबो गावना

पेडण्याकडच्या जुन्या घरांत काचेच्या कपाटात अजून एखादा चंदेरी तोंडाचा ट्यूनर दिसतो. पायोनियर, सान्सुई, केनवुड, असं काहीतरी. घरातल्या तारवटी काकाने बोटीवरून आणलेला, नाहीतर आखातातून आलेला. जोडीचा ॲम्प्लिफायर चतुर्थीला आरत्या-भजनांसाठी बाहेर निघतो, स्पीकरही कामाला लागतात. ट्यूनर तेवढा कपाटातच राहतो. कोरगावच्या एका स्नेह्याने मला त्याच्याकडच्या ट्यूनरची तक्रार सांगितली, "सगळी टेशनां गावतत, रेनबो तेवडो गावना." मशीन बिघडलंय असं त्याचं मत. मशीन ठणठणीत होतं. ते अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी बनलेलं होतं, इतकंच.

अमेरिकेत एफएम केंद्रांना दशांशाचा आकडा विषमच मिळतो: 87.9, 88.1, 88.3. तिथल्या बाजारासाठीचे बरेचसे डिजिटल ट्यूनर त्याच टप्प्यांनी पुढे सरकतात. गोव्यात विविधभारती 101.1 वर, मिर्ची 98.3, बिग 92.7, इंडिगो 91.9. योगायोगाने सगळे विषम, म्हणून सगळे बिनबोभाट लागतात. आकाशवाणीचा एफएम रेनबो मात्र 105.4 वर. ट्यूनर 105.3 वर थांबतो, तिथून उडी मारतो तो 105.5 वर. दोन्हीकडे आवाज येतो, पण निवेदिकेच्या तोंडचा प्रत्येक 'स' फाटून येतो. काही यंत्रांच्या पाठीमागे हा टप्पा बदलायचं बारीक बटण असतं. नसलं तर इलाज नाही. जपानच्या घरगुती बाजारासाठीच्या जुन्या ट्यूनरांची गोष्ट आणखी करुण. त्यांचा पट्टा 76 ते 90 मेगाहर्ट्झचा. गोव्यातलं एकही केंद्र त्यात बसत नाही, शिवाय वीज शंभर व्होल्टची लागते. दिसायला देखणे असतात, हे मान्य.

म्हणून माझं मत जुन्या काटा-डायलवाल्या ट्यूनरच्या बाजूने आहे. काट्याला सम-विषम कळत नाही. जड चाक हळू फिरवावं, खरखर पातळ होत जाते, सिग्नलचा काटा उभा राहू लागतो, आणि मग स्टीरिओचा लाल दिवा लागतो. अर्थात अमेरिकन यंत्राचा आवाज इथे थोडा मंद वाटतो, कारण वरच्या पट्टीतले सूर किती दाबायचे याचं तिथलं माप आपल्यापेक्षा वेगळं आहे. ॲम्प्लिफायरचं ट्रेबल जरा वाढवलं की भागतं.

रेडिओच्या बाबतीत हा मुलूख तसा मागासलेला कधीच नव्हता. पोर्तुगीज अमदानीत 1946 साली 'एमिसोरा द गोवा' सुरू झालं. मुक्तीनंतर तेच पणजीचं आकाशवाणी केंद्र झालं. त्याआधी, 25 नोव्हेंबर 1955 पासून मुक्तीपर्यंत, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरहद्दीपलीकडच्या जंगलांतून स्वातंत्र्याचं गुप्त केंद्र चालवत होते, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. त्यांतलं आंबोली म्हणजे पेडणेकरांच्या दृष्टीने घाटमाथ्यावरचा शेजारच. पुढे 1993 साली आकाशवाणीने एफएमवरची वेळ खासगी कंपन्यांना द्यायला घेतली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार महानगरांच्या पंक्तीला पाचवं पान गोव्याचं मांडलं गेलं. एवढ्याशा गोव्याचं! ट्यूनर आणणाऱ्या काकाला एफएम काय आहे ते ठाऊक होतं ते असं.

आता मोपाच्या पठारावरच्या विमानतळाविषयी. एफएमचा पट्टा 108 ला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो. ट्यूनर आलेल्या लहरीत स्वतःची एक लहर मिसळतो आणि दोहोंतला 10.7 मेगाहर्ट्झचा फरक तेवढा ऐकतो. 98.3 लावलं की ही आतली लहर सहसा 109 वर असते. पण 119.7 चंही 109 शी अंतर तेवढंच, 10.7. आणि 119.7 हा वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांच्या बोलण्याच्या पट्ट्यातला आकडा. चांगला ट्यूनर ही नको असलेली सावली, म्हणजे इमेज, दारातच अडवतो, हलका अडवत नाही. 2023च्या जानेवारीपासून मोपावर विमानं उतरू लागली आहेत. धारगळ, वारखंड, कासारवर्णे या बाजूला राहणाऱ्यांनी माहितीपत्रकातला इमेज रिजेक्शनचा आकडा म्हणून जरूर पाहावा. बाकीच्यांनी तो वाचला नाही तरी चालेल.

डिचोलीचं दुखणं वेगळंच. पणजी तशी जवळ, पण मध्ये डोंगर. एकच लहर सरळही येते आणि डोंगरावर आपटून किंचित उशिराही येते. दोघी एकमेकींत मिसळल्या की गाणं करपतं. त्यावर महागातला ट्यूनर हा उपाय नव्हे. उपाय छपरावर आहे. एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब, म्हणून तिच्या निम्म्या लांबीची, दीड मीटरची दांडी अँटेनाला लागते. दिशा धरणारा, चार-पाच दांड्यांचा अँटेना डिचोलीत नैर्ऋत्येला आणि पेडण्यात दक्षिणेला तोंड करून बसवावा. दूरदर्शनच्या काळातले ॲल्युमिनियमचे सांगाडे काही कौलांवर अजून उभे आहेत. त्यांची मापं वेगळी, आणि हरमल-केरीच्या खाऱ्या वाऱ्याने त्यांचे सांधे खाल्लेले. त्यांच्या भरवशावर राहू नये. एवढं करूनही खरखर राहिली तर मोनोचं बटण दाबावं. डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक दुसऱ्या, नाजूक वाटेने येतो आणि खरखर मुख्यतः त्याच वाटेने शिरते. नाट्यगीताचं मोनोत काही बिघडत नाही.

मोबाइलवर हे सगळं ऐकू येतं, मग हा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. त्यांचं खरंच आहे. फक्त नेटवरचा रेडिओ मागाहून बोलतो. सातच्या बातम्यांची सुरुवात ट्यूनरवर आधी ऐकू येते आणि फोनवर नंतर.

तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कुणाच्या कपाटात असा ट्यूनर दिसला, तर आधी त्याची पाठ आपल्याकडे फिरवून व्होल्टची पट्टी वाचा, मग डायल 108 पर्यंत जातो का पाहा, आणि वाचलेले पैसे अँटेनावर घाला. आणि वैशाखात घाटावर गडगडू लागलं की अँटेनाची वायर ट्यूनरमधून काढून बाहेर टाका.