ग्राफस्कापची मंडळी

मिशिगनमधलं हॉलंड शहर मागे पडलं आणि थोड्याच वेळात ग्राफस्काप आलं. शेतं, मोजकी घरं आणि जिच्यासाठी आले होते ती ख्रिस्ती मंडळी.

‘ग्राफस्काप’ म्हणजे परगणा. सोडून आलेला बेंटहाइम परगणा या लोकांनी नावात बांधून आणला. तो मुलूख जर्मन हद्दीतला, पण तिथली उपासना डचमध्ये चाले. शेजारच्या नेदरलँड्समध्ये १८३४ साली काही मंडळ्या अधिकृत चर्चमधून फुटल्या होत्या. वीसपेक्षा जास्त जण प्रार्थनेला जमले की दंड व्हायचा, घरात शिपाई आणून बसवायचे. पुढे बटाट्यावर रोग पडला. पाळक आल्बर्टस फान राल्टे आपली माणसं घेऊन निघाले आणि १८४७च्या फेब्रुवारीत इथल्या ब्लॅक लेककाठी पोचले. बेंटहाइमच्या लोकांचं ग्राफस्कापही त्याच वर्षी वसलं.

तीनच वर्षांनी फान राल्टेंनी इथल्या मंडळ्या अमेरिकेतल्या जुन्या डच चर्चशी जोडल्या. १८५७ साली ग्राफस्कापसह चार मंडळ्या बाहेर पडल्या आणि त्यातून ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च उभं राहिलं. तक्रारी काय? तिकडे बायबलमधल्या स्तोत्रांखेरीज इतर गीतं गातात, प्रभुभोजनाला बाहेरच्यांनाही बसवतात. मी नगरच्या चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं गात वाढले. गीतांवरून मंडळी फुटते हे मला आधी पटेना. पण आणखी एक तक्रार होती आणि ती मला थेट भिडली: तिकडचे काही जण म्हणत, १८३४ची फूट मुळात गरजेचीच नव्हती. ज्यांनी त्या फुटीपायी दंड भरले, गाव सोडलं, त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल! त्यांच्या हट्टाला मी हट्ट म्हणणार नाही. काही महिन्यांतच बाहेर पडलेल्यांकडे मिळून एकच पाळक उरला, नोर्डेलोसचे कूने फान डेन बॉश. बाकी सगळा भार मंडळीतल्या वडिलांवर, म्हणजे शेतकऱ्यांवरच. तरी ते परतले नाहीत.

सकाळी हॉलंडमधलं पिलर चर्च पाहिलं होतं. फान राल्टेंची मंडळी ती. १८८४ साली तीही या नव्या चर्चला येऊन मिळाली. २०१२पासून तिचं नातं जुन्या आणि नव्या, दोन्ही चर्चशी आहे. आणि गीतांचं म्हणाल, तर १९३४ साली ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या गीतपुस्तकात दीडशे स्तोत्रांमागोमाग इतर गीतंही आली.

संध्याकाळी दफनभूमीत गेले. जुन्या दगडांवरची डच अक्षरं झिजली आहेत. बोट फिरवत एकेक नाव वाचत राहिले.