नावावरचा डाग

नातवाच्या पुस्तकातील डायनासोरांची नावे प्रथम औषधांच्या बाटल्यांवरील नावांसारखी भासली. फोड करून पाहिल्यावर मात्र प्राचीन ग्रीक भाषा तितकीशी परकी उरली नाही. ‘डायनासोर’ हे नाव रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये रूढ केले. ‘डेइनोस’ म्हणजे भयंकर, ‘सॉरोस’ म्हणजे सरडा. ट्रायसेराटॉप्समधील ‘ट्राय’ हा आपलाच ‘त्रि’, ‘केरास’ म्हणजे शिंग आणि ‘ऑप्स’ म्हणजे मुख. इग्वानोडॉनच्या शेवटी येणारा दात तर आपल्या ‘दंत’ शब्दाचा सख्खा भाऊबंद. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा नाद उतारवयात लागला, याचे घरात सर्वांना नवल वाटते.

एका नावाने मात्र मला अस्वस्थ केले. १९२३ मध्ये मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अमेरिकन संशोधकांना अंड्यांच्या एका घरट्यावर एका प्राण्याचा सांगाडा सापडला. अंडी प्रोटोसेराटॉप्स या शिंगवाल्यांच्या नातलगाची, असे गृहीत धरले गेले. पुढील वर्षी हेन्री ऑसबॉर्न यांनी नाव ठेवले ‘ओव्हिरॅप्टर फिलोसेराटॉप्स’. पहिला शब्द लॅटिन, अर्थ अंडीचोर. दुसरा ग्रीक, अर्थ शिंगमुख्यांचा शौकीन. म्हणजे चोर ठरवला आणि वर त्याची आवडही नोंदवली! हे नाव प्राण्याच्या स्वभावाविषयी दिशाभूल करणारे ठरू शकेल, अशी शंका ऑसबॉर्न यांनी त्याच लेखात व्यक्त केली होती. शंका मागे पडली, नाव चालू राहिले.

१९९३ मध्ये त्याच वाळवंटात तशाच एका अंड्यात गर्भ सापडला. तो निघाला ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला. अंडी चोरीची नव्हती, घरची होती.

तरीही नाव बदलत नाही. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम असा, की रीतसर प्रसिद्ध झालेले पहिले नाव केवळ अर्थ चुकला म्हणून रद्द होत नाही. हिशेबनीस म्हणून मला या नियमाची गरज कळते. नावे रोज बदलू लागली तर जुने दप्तर लागायचेच नाही. बँकेतही चुकीची नोंद खोडत नसत, उलट नोंद करीत.

पण बाजारपेठेला उलट नोंद दिसत नाही. मी एका तालुक्याच्या गावी रुजू झालो, त्यापूर्वी तेथील एका कापड व्यापाऱ्याचा धनादेश परत गेला होता. त्याने भरलेली रक्कम शाखेतच दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली होती. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली, दिलगिरीचे पत्रही दिले गेले. पेठेने लक्षात ठेवले ते इतकेच, की यांचा चेक परत गेला. मी तेथे असेपर्यंत काही घाऊक व्यापारी त्याला उधारीवर माल देत नव्हते. ते पत्र त्याने गल्ल्याच्या मागे काचेत लावले होते.

अमेरिकेत पिलांच्या घरट्यांसह सापडलेल्या एका डायनासोरला १९७९ मध्ये ‘मायासॉरा’ हे ग्रीक नाव मिळाले. अर्थ, चांगली आई. त्यासाठी ‘सॉरस’चे मुद्दाम स्त्रीलिंगी रूप केले. पुढे गोबीत ओव्हिरॅप्टरचे भाऊबंद अंड्यांभोवती पुढचे पाय पसरून बसलेल्या स्थितीतच सापडले. त्यांना २००१ मध्ये ‘चितिपती’, म्हणजे चितेचा स्वामी, असे संस्कृत नाव देण्यात आले. ओव्हिरॅप्टर सूचीत अद्याप अंडीचोरच आहे.