दहा छर्रे

माझ्या खुर्चीच्या पुढच्या चाकात एका अंगाला दहा छर्रे असतात आणि दुसऱ्या अंगाला दहा. हे मला चाचांनी शिकवलं. रामनगरच्या बसस्टँडजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार वासे, वर पत्रा आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. जिवंतपणी त्यांनी कुणाला आपले आभार मानू दिले नाहीत, मागाहून तरी त्यांना का अवघडून टाकायचं?

आमचं मूळ गाव पाण्याखाली आहे. काळी नदीवर धरण झालं, सुपा बुडालं, तालुका सुप्याचा जोयडा झाला आणि आमच्यासारखी घरं रामनगरला येऊन वसली. त्या स्थलांतरात दादानं मला पाठुंगळी आणलं, कारण दुसऱ्या वर्षीच पोलिओनं माझे दोन्ही पाय नेले होते. मी हातांवर सरकायची. तळव्यांना रबरी चपला अडकवायची. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की चार-चार महिने हटत नाही. तेव्हा अंगणातून येताना कोपरापर्यंत लाल चिखल असायचा आणि आई माझे हात धुऊन मगच मला जेवायला वाढायची.

पुढं एका शिबिरात हातानं फिरवायची तीनचाकी मिळाली. महिन्याभरात तिची साखळी तुटली. दादानं अर्ज केले, खेपा घातल्या, पण साखळी काही आली नाही. शेवटी त्यानं ती ढकलत चाचांच्या दुकानी नेली. चाचांनी कुठल्याशा मोडीतल्या सायकलची साखळी काढली, दोन कड्या कमी केल्या आणि संध्याकाळी तीनचाकी घरी पोचवली. पैसे विचारले तर म्हणाले, "पोरीला दुकानावर पेपर वाचायला पाठवा. मला वाचता येत नाही."

तेव्हापासून मी रोज त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. बेळगावच्या गाडीनं येणारा कन्नड पेपर मी वाचायची आणि अडेल तिथं मराठीत सांगायची. असाच एक दिवस मालती कृष्णमूर्ती होळ्ळा यांच्याबद्दलचा मजकूर आला. १९९५चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला होता. वाचता वाचता माझा आवाज बदलला असावा, कारण चाचांनी हातातला पाना खाली ठेवला.

बेंगळुरूची ही बाई. वडील लहानसं हॉटेल चालवायचे. वर्ष-सव्वा वर्षाची असताना ताप आला आणि सगळं अंग लुळं पडलं. दोन वर्षांहून जास्त विजेचे उपचार केले तेव्हा कमरेवरचं शरीर परत आलं. मग चेन्नईच्या इस्पितळात पंधरा वर्षं आणि तिसाहून जास्त शस्त्रक्रिया. त्यातून उठून ती सिंडिकेट बँकेत नोकरीला लागली आणि १९८८ साली सोलच्या पॅरालिम्पिकला गेली, १९९२ला बार्सिलोनाला. मधल्या वर्षी, १९८९ला, डेन्मार्कच्या वर्ल्ड मास्टर्समध्ये २०० मीटर, गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेक अशा चारही प्रकारांत सुवर्णपदक. २००१ला पद्मश्री झाली आणि मातृ फाउंडेशन काढून तिनं अपंग मुलांना घर दिलं, हे सगळं पुढचं. घरी जाऊन मी हे सांगितलं तेव्हा आईनं एकच गोष्ट दोनदा विचारली, "बँकेत नोकरी करते? खरंच?"

चाचांचं लक्ष मात्र फोटोतल्या चाकावर. "बेटी, हिला साखळीच नाही," ते म्हणाले. "आतल्या बाजूला... नाही, बाहेरच्या बाजूला आणखी एक रिंग आहे बघ. ती हातानं ढकलायची." त्यांनी बरोबर ओळखलं होतं. शर्यतीच्या खुर्चीला गिअर, साखळी, दांडा काही चालत नाही. रिंगेवर हात मारायचा आणि चाक पळवायचं, एवढंच.

पंधरा दिवसांत त्यांनी एक खुर्ची उभी केली. सव्वीस इंची दोन चाकं, पुढं लहान मुलाच्या सायकलचं एक, लाकडी बैठक. बाहेरची रिंग त्यांनी लोखंडी नळी वाकवून केली आणि तिच्यावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. तसल्याच पट्ट्या माझ्या तळव्यांना. सगळ्यात वेळ गेला तो चाकाचा आउट काढण्यात. चाक उलटं टांगून ते फिरवायचे, खडूचा तुकडा रिमजवळ धरायचे, जिथं खूण उमटेल तिथली त्या बाजूची तार सैल करायची आणि समोरच्या बाजूची कसायची. अर्धा वळसा, पुन्हा फिरवणं. मी मांडीवर पेपर घेऊन बघत बसायची. वाचायचं राहून जायचं.

पहाटे ट्रक सुरू व्हायच्या आधी अनमोडच्या रस्त्यावर ते मला न्यायचे. दादा पुढं सायकलवर, मी मागं. वर्षभरानं एका स्पर्धेत मी १०० मीटर पळाले. हो, पळालेच म्हणते मी. पाचजणींत चौथी आले. परत आले तेव्हा चाचांनी कितवी ते विचारलं नाही. "चाक कुठं ओढत होतं का?" एवढंच विचारलं.

पुढं अपंगांच्या कोट्यातून मला एसटीडी बूथ मिळाला. त्या बूथवर घर चाललं, दादाचं लग्न झालं. खूप वर्षांनी मी बॉब हॉलबद्दल वाचलं. तोही पोलिओचाच. १९७५ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये त्याला आयोजकांनी सांगितलं होतं, तीन तासांच्या आत आलास तर प्रमाणपत्र देऊ. तो २ तास ५८ मिनिटांत आला आणि पुढं स्वतःच शर्यतीच्या खुर्च्या बनवू लागला. हे चाचांना वाचून दाखवायचं होतं. तेव्हा ते नव्हते.

दरवर्षी मृगाच्या आधी मी चाकं उघडते. वर्तमानपत्र पसरते, जुनं ग्रीस रॉकेलनं धुते, छर्रे एकेक करून कपात टाकते. चाचा मला मोठ्यानं मोजायला लावायचे आणि दहा भरल्याशिवाय चाक मिटू द्यायचे नाहीत. नवावरही चाक फिरतं, म्हणायचे, पण आतून खातं. यंदा नऊच भरले. दहावा घरंगळून कपाटाखाली गेला होता. मी खुर्चीवरून खाली उतरले, तळवे टेकले आणि सरकत सरकत कपाटाखाली बॅटरी धरली.