आधी कपडे उतरवा

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला माझी पोस्टिंग धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होती. सोयाबीनवर फवारणी चालू होती. एका दुपारी शेतातून एका माणसाला जीपमध्ये घालून आणलं. अंग घामानं निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. पंप पाठीवर गळून शर्ट भिजला होता.

मी सलाईनच्या स्टँडकडे धावले, तोच सिस्टर म्हणाल्या, "आधी जाड हातमोजे घाल. कपडे काप त्यांचे!" मला काही सुधरेना. माणूस मरणाच्या दारात आणि आम्ही कपड्यांच्या मागे? डॉक्टर एकीकडे श्वास सांभाळत अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देत होते. दुसरीकडे आम्ही शर्ट, बनियन, पँट कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधत होतो. करगोट्यापाशी माझा हात थांबला. "तोही काप, दोऱ्यातही औषध मुरतं." मग साबण आणि पाणी: केस, कानांमागे, काखा, जांघा, नखं. खसाखसा घासायचं नाही.

संध्याकाळी सिस्टरांनी समजावलं. फवारणीच्या औषधातलं ऑर्गनोफॉस्फेट कातडीतून आत जातं. भिजलेला कपडा अंगावर आहे तोवर इंजेक्शन चालू असूनही विष चढतच राहतं. नुसते कपडे उतरवले तरी अंगावरचं बहुतेक रसायन निघून जातं. पाणी लगेच मिळालं नाही तर कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. डोळ्यांत गेलं असेल तर मात्र निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार हवी. कारखान्यातल्या रासायनिक अपघातातही पहिली पायरी कपडे उतरवण्याचीच. पाण्याच्या टँकरवर जगणाऱ्या आमच्या जिल्ह्यात ते कोरडं टिपून घेणं मला फार मोलाचं वाटलं.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मास्क-हातमोज्यांवर तेव्हा खूप बोललं गेलं. अंग धुण्याचं ज्ञानही तितकंच गावोगाव पोचायला हवं.

अडचण लाजेची आहे. चारचौघांत पुरुषाचे कपडे उतरवायला नातेवाईक तयार होत नाहीत, तिथं शेतमजूर बाईचं काय होणार? म्हणून प्रत्येक रुग्णालयाच्या आवारात नळ, साबण, पडदा आणि स्वच्छ चादरी हव्यात. फवारणीच्या दिवशी बांधावर साबण, भरलेला कॅन आणि कपड्यांचा एक जोड असलाच पाहिजे. दवाखान्यात जाताना फवारणीच्या औषधाची बाटली सोबत घ्या, पण भिजलेले कपडे गाडीत बसण्याआधीच उतरवा.